मेलेल्या माणसाचा रतीब

१

पंचवीस नोव्हेंबरला छत्रीवाल्या कुरामोची जिन्पेईचं प्रेत सापडलं. त्याच दिवशी सकाळी सात वाजता त्याच जिन्पेईची रोजनिशी नेहमीसारखी गावभरच्या मोबाइलांवर येऊन पडली होती: 'काल तीन छत्र्यांना तेल दिलं. ऊन चांगलं होतं, म्हणून लगेच वाळत घातल्या. पण…'

प्रेत निशिझावाच्या घळीत होतं, बांबूच्या बनाखाली. रानडुकराच्या मागावर निघालेल्या शिकाऱ्यांचा कुत्रा तिथे जाऊन भुंकत बसला. हवालदार मुगिशिमा दोराला धरून खाली उतरला तेव्हा डॉक्टर आधीच उकिडवे बसून पाहत होते.

"किती दिवस झाले?" मुगिशिमाने विचारलं.

"दोन आठवड्यांच्या वरच. वीस धरा."

"वीस?" मुगिशिमाचा हात आपोआप खिशातल्या मोबाइलवर गेला. "अहो, आज सकाळी त्यांनी…"

पुढचं वाक्य त्याने गिळलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, कामिहाताच्या चौकीवर बारा वर्षं काढलेला. जे वाक्य तोंडातून निघालं असतं ते वेड्याचं होतं.

डॉक्टरांनी प्रेताच्या कमरेखाली बोट दाखवलं. "खुबा मोडलाय. वरून घसरले, पण लगेच गेलेले नाहीत. हे बघा."

जिन्पेईच्या उजव्या हाताशी बांबूचा एक तुकडा होता, आणि त्याच्याजवळ छत्रीच्या काड्या तासायची सुरी. बांबूवर खाचा होत्या, एकीखाली एक, सारख्या अंतरावर. उभं आयुष्य काड्या तासण्यात गेलेल्या माणसाचा हात होता तो. मरतानाही वाकडी खाच पाडणारा नव्हता.

मुगिशिमाने मोजल्या. पाच.

जिन्पेई घरून निघाला दोन तारखेला. म्हणजे तीन, चार, पाच, सहा, सात. रोज सकाळी एक. सात तारखेच्या सकाळपर्यंत तो इथे जिवंत होता आणि दिवस मोजत होता.

पाच तारखेच्या सकाळी आठ वाजता तीस माणसं दोर, काठ्या, शिट्ट्या घेऊन याच घळीकडे निघायला उभी होती. त्यांना घरी पाठवणारा दुसरा कोणी नव्हता. मुगिशिमाच होता.

२

जिन्पेईच्या दुकानाची वेबसाइट दोन वर्षांपूर्वी निघाली होती. नागोयाच्या होरिगोमे नावाच्या माणसाने ती करून दिली. नुसती साइट काढून कोणी येत नसतं, हे त्यानेच म्हाताऱ्याला समजावलं. "तुमच्याकडे दूध येतं ना रोज सकाळी? तसा रतीब घालायचा. तुम्ही चार ओळी लिहायच्या. मथळा आणि पहिली काही अक्षरं आपोआप लोकांच्या मोबाइलवर जातील, आणखी चाळीस साइटवर झळकतील, सोबत तुमच्या दुकानाची छोटी जाहिरात. याला फीड म्हणतात. वाचणाऱ्याला चुटपूट लागली पाहिजे. 'पुढे वाचा'वर बोट ठेवलं की गिऱ्हाईक तुमच्या दारात."

म्हाताऱ्याला छत्र्यांपेक्षा ही रोजनिशीच जास्त आवडली. गावाने तिचं नाव 'जिन्पेईचा रतीब' ठेवलं. लोक सकाळी तोंड धुता धुता तो वाचत.

दोन नोव्हेंबरला त्याचं बायकोशी, शिगेशी, भांडण झालं. रतीब वाचून कोणीतरी साठ छत्र्यांची मागणी पाठवली होती आणि शिगेने त्याला न विचारता हो म्हणून टाकलं होतं. म्हातारा तडकला आणि तसाच निघून गेला. रुसून जायची त्याला जुनी सवय होती. शहरात त्याचा एक गुरुबंधू होता, तोही छत्रीवाला. त्याच्याकडे जाऊन आठ-आठ दिवस त्याच्याच पाटावर काम करत बसायचा. चार तारखेला शिगेने तिथे फोन केला. 'इथे आलेला नाही,' असं उत्तर आल्यावर ती घाबरली आणि चौकीवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निशिझावाच्या घळीपासून शोध घ्यायचं ठरलं; काड्यांसाठी बांबू तो तिथूनच आणायचा.

आणि पाच तारखेला, सातच्या ठोक्याला रतीब आला. 'काल काडी तासताना बोट कापलं. म्हातारपणी हात ऐकत नाही. तरी…'

शिगे मोबाइल हातात धरून, रडत-हसत अंगणात आली होती. मुगिशिमाने तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. जिन्पेईचा धाकटा भाऊ तोराजी मोठ्याने हसला होता. "दोघे थेरडे मिळून आपल्याला उल्लू बनवतायत! हा आत बसून काड्या तासतोय आणि तो फोनवर सांगतोय, आलाच नाही!"

तीसही जण हसले होते. आणि मुगिशिमा म्हणाला होता, "चला, घरी चला सगळे."

आता त्याच घरात, धूपाच्या वासात, तोराजी त्याच्या समोर मांडी ठोकून बसला होता. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"माझ्या भावाच्या नावाने एकवीस दिवस लिहिलं कोणी? मला नाव पाहिजे, हवालदारसाहेब. बाकी तुम्ही काही करू नका. फक्त नाव सांगा."

"तोराजी, आवाज खाली," शिगे म्हणाली. एकाहत्तर वर्षांची बाई, पाठ ताठ. चहा तिनेच करून आणला होता. पेला ठेवताना बशी वाजली तेवढंच.

"शिगे-सान, तुम्हाला एकदाही शंका आली नाही?" मुगिशिमाने विचारलं.

"मला त्या कॉम्प्युटरमधलं काय कळतंय? मे महिन्यात यांच्या हाताखालच्या चिहारूने हा मोबाइल घेऊन दिला. त्याच्या आधी मी हे कधी वाचलेलंच नाही. आता त्या दोन ओळी आपसूक येतात, त्या वाचते झालं." तिने पदराशी चाळा करावा तसा कमरेच्या फडक्याशी चाळा केला. "आणि शंका यायची कशी? सगळं यांचंच. बारा तारखेचं वाचलंत ना? दुकानात बारा छत्र्या पोचवल्या आणि स्वतःची छत्री गाडीत विसरले. छत्रीवाला असून! मग स्टेशनवरून प्लॅस्टिकची घेतली आणि लाजेने कालव्यात फेकून दिली. असं दुसऱ्या कोणाला सुचेल?"

ती हसली आणि त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. तोराजी दाराबाहेर बघत राहिला. मुगिशिमाने मान खाली घातली. एवढ्या दुःखात असलेल्या बाईला आणखी काय विचारणार?

निघताना तोराजी त्याच्यामागोमाग फाटकापर्यंत आला. "साइटवर लिहायचा सांकेतिक शब्द तिघांनाच ठाऊक होता. दादा, तो नागोयाचा लफंगा आणि ती पोरगी चिहारू. पोरगी तर महिनाभर टोकियोत जाऊन बसलीय. आता तुम्हीच बघा."

३

चिहारू त्याच संध्याकाळच्या गाडीने आली. अठ्ठावीस वर्षांची, सहा वर्षं जिन्पेईच्या हाताखाली शिकत असलेली. टोकियोतल्या एका मोठ्या दुकानात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. एक तारखेपासून ती तिथे छत्र्या मांडून बसली होती. स्टेशनच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन तिने मुगिशिमाला सगळं सांगितलं.

"वस्तादांना टंकता येत नव्हतं. रोज संध्याकाळी ते बोलायचे, मी टंकायचे. शेवटचं एक तारखेचं. ते मी जायच्या आधी घालून गेले."

"मग पाच तारखेला रतीब आला तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

तिने ओठ चावला. "वाटलं ना. मला वाईट वाटलं."

"वाईट?"

"म्हटलं, गुरुबंधूंच्या नातवाला धरलं असेल टंकायला. माझ्याशिवाय चालतं म्हणायचं! असा राग आला मला. दोन वर्षं त्यांची वाक्यं मी सरळ केली, आणि हे कोण उपटसुंभ…" तिने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "फोन करायला हवा होता. एक फोन. पण मी रुसले. त्यांच्याकडूनच शिकले मी रुसायला."

"काकूंना फोन केला नाहीत?"

"दोनदा केला. काकू म्हणाल्या, ते गुरुबंधूंकडे आहेत, मजेत आहेत, तू प्रदर्शन सांभाळ."

"कधीची गोष्ट?"

"पहिला फोन… सहा की सात तारखेला."

मुगिशिमाने टिपून घेतलं. त्यात त्याला वावगं काही दिसलं नाही. सगळं गावच तेव्हा तसं म्हणत होतं.

"साइटवर जाऊन बघितलं नाहीत कधी?"

"तिथे गर्दीत मोबाइलवर साइट उघडत बसायला वेळ कुठला? रतीब यायचा तेवढा वाचायचे. ओळखीचं वाटलं, तरी वस्ताद नेहमी तेच तेच सांगायचे. सगळं कुठे येतं त्यात? ऐंशी अक्षरं आणि तीन टिंबं. ती होरिगोमेंची युक्ती. वस्तादांना नव्हती आवडत. म्हणायचे, माझं बोलणं हा माणूस मधेच कापतो, बायकोसारखं."

आणि ती हुंदके देऊन रडू लागली. मुगिशिमा शेजारी बसून राहिला. चौकीतल्या माणसाला रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवता येत नाही.

मग उरला होरिगोमे.

४

होरिगोमे दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच चौकीवर आला. चौतिशीतला माणूस, महागडा कोट, पण गळपट्टा सुटलेला आणि चेहरा पांढराफटक.

"मी मारलं त्यांना," तो दारातच म्हणाला.

मुगिशिमा उभा राहिला. "बसा. काय म्हणालात?"

"बातमी वाचली. एकवीस दिवस मृताच्या नावाने लिहिलं, म्हणे. कोणी लिहिलं नाही, साहेब. कोणीच नाही. ते माझ्या यंत्राने केलं."

त्याने पिशवीतून छोटा कॉम्प्युटर काढला. बोटं सराईतपणे चालली.

"फीड आटलं की लोक विसरतात. ज्या चाळीस साइटवर आपण झळकतो त्याही खाली ढकलतात. म्हणून मी एक सोय करून ठेवली होती. तीन दिवस नवीन काही आलं नाही, तर चौथ्या दिवशी सकाळी सातला गेल्या वर्षीचं त्याच तारखेचं लिखाण आपोआप पुन्हा जाईल. कुरामोची-सान हो म्हणाले होते. हसून म्हणाले, म्हणजे मी आजारी पडलो तरी दुकान उघडं. घरी बहुतेक सांगायचं राहिलं त्यांच्याकडून."

दोन, तीन, चार. पाच तारखेला सकाळी सात. मुगिशिमाने मनातल्या मनात बोटांवर मोजलं. हिशेब तंतोतंत जुळत होता.

"आणि ते जुनं आहे हे लोकांना कळणार कसं?"

"मी फसवणारा माणूस नाही हो," होरिगोमे कळवळून म्हणाला. "प्रत्येकाखाली लिहिलंय. हे बघा."

त्याने पडदा वळवला. पाच तारखेचं लिखाण. 'काल काडी तासताना बोट कापलं. म्हातारपणी हात ऐकत नाही. तरी…' आणि मग ते सगळं, जे मोबाइलवर कधी आलंच नव्हतं: तरी काडी मात्र सरळ निघाली, चिहारूने पट्टी बांधली, तिला वाटतं मी लहान मूल आहे. आणि अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरांत एक ओळ.

'— गेल्या वर्षीच्या रोजनिशीतून.'

मुगिशिमाने ती तीनदा वाचली. पाच तारखेच्या सकाळी, अंगणात, तो मोबाइल त्याच्या तळहातात होता. 'पुढे वाचा' हे शब्द त्याच्या अंगठ्याखाली होते. एकदा दाबलं असतं. फक्त एकदा.

"तळाशी का लिहिलंत?" त्याचा आवाज फाटला. "वर का नाही लिहिलं?"

"वर लिहिलं तर कोण दाबेल?" होरिगोमे जमिनीकडे बघत म्हणाला. "जुनं आहे म्हटल्यावर कोणी येत नाही. आमच्या धंद्यात हेच करतात सगळे. माणूस बेपत्ता आहे हे मला कोणीच कळवलं नाही, साहेब. एकाने जरी…"

कोणी कळवणार नव्हतंच. घरची गोष्ट घरातच राहिली होती.

मग होरिगोमे स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, "आणि तसंही कोण दाबतंय? गावात शंभरावर मोबाइलांवर जातं. एकवीस दिवसांत या गावातून एकानेच पूर्ण पान उघडलं. एकानेच. पण त्याने रोज उघडलं."

मुगिशिमाने मान वर केली. "काय?"

"नोंद राहते ना. पाच नोव्हेंबर, दुपारी चार वीस. मग रोज. बाहेरचं कोणी नाही, दुकानातल्याच कॉम्प्युटरवरून."

पाच तारखेच्या दुपारी चार वीसला कोणीतरी ती करडी ओळ वाचली होती. जिन्पेई तेव्हा घळीत जिवंत होता. आणि वाचणारा गप्प राहिला होता.

५

चिहारू टोकियोत होती. दुकानात दोघंच. शिगे कॉम्प्युटरला हात लावत नाही, असं ती स्वतः म्हणाली होती. तोराजी रोज दुपारी दुकानात येऊन पार्सलं बांधायचा आणि त्यांच्यावर चिकटवायचे पत्ते त्याच कॉम्प्युटरवरून काढायचा.

तोराजी, ज्याला नाव हवं होतं.

मुगिशिमा त्याला शोधत गेला. तो घरामागच्या शेडमध्ये सलगम खारवायला पिंप धूत होता. भावाचं प्रेत तपासणी होऊन अजून शहरातून यायचं होतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून धूत असावा.

"दुकानाच्या कॉम्प्युटरवर तुम्ही रोज बसता?"

"पत्ते छापायला. चिहारूने कागदावर लिहून दिलंय, आधी हे दाबा, मग ते दाबा. त्याच्यापलीकडे मी गेलो तर स्फोट होईल."

"बारा तारखेच्या रतीबात काय होतं, आठवतं?"

तोराजीने पाणी ओतायचं थांबवलं. "मला कसली परीक्षा? बारा छत्र्या पोचवल्या, गाडीला मरणाची गर्दी होती, उतरताना… आणि मग ते टिंब टिंब. पुढे काय झालं कोण जाणे. पडला असेल, म्हटलं."

"पुढचं वाचलं नाहीत?"

"ते दाबा म्हणतं. मी कशाला दाबू? माझा भाऊ शेजारच्या घरात राहतो. आल्यावर त्यालाच विचारणार होतो." आणि पिंपाच्या कडेला धरून तो तसाच उभा राहिला. "विचारणार होतो."

मुगिशिमाने खिशातून मोबाइल काढला. बारा तारखेचा रतीब अजून होता. 'काल मोठ्या दुकानात बारा छत्र्या पोचवल्या. येताना गाडीला मरणाची गर्दी. उतरताना…' बस. एवढंच. गाडीत विसरलेली छत्री यात नव्हती. प्लॅस्टिकची छत्री नव्हती, कालवा नव्हता.

तो चौकीवर परतला. होरिगोमे अजून तिथेच गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मुगिशिमाने त्याला बारा तारखेचं पूर्ण पान उघडायला लावलं. उतरताना छत्री गाडीत राहिली. प्लॅस्टिकची घेतली. कालव्यात टाकली. आणि शेवटचं वाक्य: 'हे मी घरी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.'

गेल्या वर्षी त्याने घरी सांगितलं नव्हतं. मे महिन्याआधी शिगे रतीब वाचत नव्हती. मोबाइलवर ही गोष्ट पोचलीच नव्हती. मग हसता हसता ती तिला सांगता आली कशी? एकाच वाटेने. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून, तळाच्या करड्या ओळीपर्यंत वाचून.

उत्तर सापडलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मुगिशिमाला वाटलं, खुबा मोडून आपणच कुठेतरी पडलो आहोत.

त्याने शहरातल्या वरिष्ठांना फोन लावला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तिने ढकललं नाही, लिहिलं नाही, लपवलं म्हणावं तर काय लपवलं? जे सगळ्यांना उघडं होतं ते? कुठलं कलम लावणार, मुगिशिमा? अपघात लिहा आणि मोकळे व्हा."

"मोकळा कसा होऊ, साहेब?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

६

शिगे एकटी होती. देव्हाऱ्यासमोर भात वाढून ठेवला होता. मुगिशिमा समोर बसला आणि त्याने टोपी काढून बाजूला ठेवली.

"शिगे-सान. ते छत्री विसरल्याचं. ते मोबाइलवर नव्हतं."

तिने हळूच मान हलवली, एखाद्याने वाट बघत असलेलं पत्र आल्यावर हलवावी तशी.

"त्या दिवशी दुपारी," ती म्हणाली, "मला वाटलं, पुढे काय लिहिलंय बघू तरी. बोट फार कापलंय का. चिहारूने तोराजीला लिहून दिलेला कागद होता, त्याच्यावरून चाचपडत उघडलं. आणि त्यात होतं, चिहारूने पट्टी बांधली. चिहारू तर टोकियोत. मग खालची ओळ दिसली."

"मग?"

"मग गुरुबंधूंना परत फोन केला. ते रडले हो फोनवर. म्हणाले, वहिनी, शपथेवर सांगतो, तो इथे नाही." तिने हात मांडीवर एकमेकांवर ठेवले. "तेव्हाच कळलं मला."

"मग मला का नाही बोलावलंत?" मुगिशिमाने आवाज दाबून धरला होता, तरी तो चढलाच. "चौकी दोनशे पावलांवर आहे!"

"दोनशे पावलं," शिगे म्हणाली. "मी फाटकापर्यंत गेले. तीन वेळा. सकाळी तीस माणसं कामधंदा सोडून आली होती. तोराजीच्या बायकोने साठ भाताचे गोळे वळले होते. एकेकासमोर वाकून मी माफी मागितली, की आमच्या थेरड्याने तुम्हाला त्रास दिला. ते हसत हसत गेले. आता संध्याकाळी पुन्हा दारोदार जाऊन काय म्हणू? की मी नीट वाचलंच नाही, परत चला? म्हटलं, उद्या सकाळी सांगू. रात्रीतून येतीलही. सहा तारखेला सकाळी तोराजी विचारतो, काय वहिनी, म्हातारा कसा आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, मजेत आहेत. ते निघाल्यावर मग संपलंच. रोज एक दिवस वाढायचा, आणि रोज सांगणं आणखी अवघड व्हायचं."

"तरी रोज वाचत होतात."

"हो. माहीत होतं ना जुनं आहे ते. तरी रोज उघडायचे." ती थांबली. "सेहेचाळीस वर्षं संसार केला. ते असलं काही बोलतात हे मला माहीतच नव्हतं. माझ्याशी कधी बोलले नाहीत असं."

तिला दोष द्यावा, तर पाच तारखेची सकाळ मुगिशिमाची स्वतःची होती.

"कोणत्या दिवशी गेले ते?" तिने विचारलं.

हाच प्रश्न येऊ नये म्हणून तो वाटभर प्रार्थना करत आला होता. खोटं बोलायला त्याची काही हरकत नव्हती. पण खिशात डॉक्टरांचा दाखला होता, तो तिलाच द्यायचा होता. तो नगरपालिकेत दिल्याशिवाय अंत्यसंस्काराची परवानगी मिळत नाही, आणि तारीख त्यात लिहिलेली होती. तेवढं खोटं बोलायची मुभासुद्धा कोणी त्याला ठेवली नव्हती.

त्याने दाखला दोन्ही हातांनी पुढे केला. शिगेने चष्मा लावला. वरपासून सावकाश वाचत खाली आली, आणि 'सात नोव्हेंबरच्या सुमारास' या शब्दांवर तिचं बोट थांबलं.

ते तिथून हलेना.

"सात," ती म्हणाली. "म्हणजे अजून दोन दिवस होते."

दाराशी पाऊल वाजलं. तोराजी उभा होता, हात ओले, बाह्या वर सरकवलेल्या. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक.

मुगिशिमा घाईने उठला. "तोराजी-सान, तुम्हाला नाव हवं होतं ना? शोध मी थांबवला. पाच तारखेला. माझं नाव घ्या."

"हवालदारसाहेब, बसा खाली," शिगे म्हणाली. "तुम्ही सकाळी चुकलात. मी संध्याकाळी." आणि दिराकडे वळून, जमिनीला कपाळ टेकवून, तिने त्याला सगळं सांगितलं. फाटकापर्यंत तीन वेळा गेल्याचंही.

तोराजीने ऐकून घेतलं. पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेला. पाठोपाठ मागच्या शेडमधून पिंप आपटल्याचा आवाज आला, एकदाच.

७

शहरातून शव आलं आणि तिसऱ्या दिवशी दहन झालं. मुगिशिमा गणवेश न घालता गेला आणि दाराजवळ उभा राहिला. तो ना नात्यातला, ना परका.

दहनभट्टीतून चाकांवरचा ओटा बाहेर आला. पांढरी हाडं, अजून धग असलेली. सेवकाने लांब काड्या वाटल्या, एक बांबूची, एक झाडाच्या लाकडाची, अशी जोडी. हाडं दोघांनी मिळून उचलायची असतात, पायांपासून सुरुवात करून. पहिली जोडी बायकोची आणि जवळच्या भावाची.

शिगे पुढे झाली. तोराजी ओट्याच्या पलीकडे उभा राहिला. तीन दिवसांत तो तिच्याशी अक्षर बोललेला नव्हता, हे सगळ्या गावाला दिसत होतं आणि कारण कोणालाच कळत नव्हतं. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. चिहारूलाही नाही.

शिगेने पायाच्या एका हाडाखाली काड्या घातल्या आणि थांबली. तोराजीच्या काड्या त्याच्या मुठीत तशाच, टोकं जमिनीकडे. सेवक खाकरला. मागे कोणीतरी कुजबुजलं. चिहारू एक पाऊल पुढे आली आणि तिला कळेना, जावं की नाही.

मुगिशिमाला वाटलं, धावत जावं आणि त्या माणसाच्या हातातल्या काड्या घेऊन आपणच उभं राहावं. पण तो परका होता.

शिगेने शेवटी एकटीनेच हाड उचललं. एकाहत्तर वर्षांची मनगटं थरथर कापत होती. हाड काड्यांवर डुगडुगलं, एका बाजूला कललं. आता पडणार.

तोराजीच्या काड्या खालून आल्या आणि त्यांनी ते तोललं.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही मान वर केली नाही. दोघं ते हाड घेऊन कलशापर्यंत गेली, पावलाला पाऊल जुळवत, आणि आवाज न करता ते आत ठेवलं. मग तोराजी परत ओट्याशी आला आणि पुढच्या हाडासाठी थांबून राहिला.